टेपमधले अकरा सेकंद

शेषराव भीमगीत गायला उभे राहिले, की हिवरखेडात लावलेला सूर तेल्हाऱ्याच्या एसटी स्टँडवर ऐकू जाई आणि कंडक्टर घंटी मारायचं विसरे. खोटं वाटत असेल त्याने कंडक्टरलाच विचारावं. आता त्याच शेषरावांच्या गळ्याला भोक होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी कॅन्सर काढला, त्यासोबत आवाजही गेला.

उरली होती अमरावतीच्या कार्यक्रमाची एक कॅसेट, अठ्ठ्याण्णव सालची. शेवटच्या कडव्यानंतर त्या वर्षी गेलेल्यांची नावं घ्यायची, ही शेषरावांची रीत. त्या वर्षी त्यांची तीन वर्षांची चंदा गेली होती. तिचं नाव त्यांनी तेवढं त्या मंचावर घेतलं, घरात पुन्हा कधी काढलं नाही. पंचफुलाबाईला ते एकदा ऐकायचं होतं, नवरा आहे तोवर.

मुलगा प्रीतम आपली गाणी घरीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचा. एआयकडून त्याने कॅसेटची खरखर काढली, बापाचा आवाज ढोलकीपासून सोडवला. इथवर ठीक होतं. पण नेमकी नावांच्या जागी फीत गेलेली, अकरा सेकंद. यंत्राने विचारलं, रिकामी जागा भरू का? प्रीतम म्हणाला, भर. आवाज हुबेहूब जुळलेला पाहून तो इतका हरखला, की शेवटपर्यंत न ऐकताच त्याने फोन बापाच्या बाजेपाशी नेला.

गाणं संपलं. मग तोच खणखणीत आवाज म्हणाला, "सूर्यभान... पंचफुला..."

"सूर्यभान तं सकाळी गिरणीवर भेटला मले," पंचफुलाबाई म्हणाली. "अन् मी कदी मेली रे?"

प्रीतमने घाईने आवाज थांबवला.

"सुरुवातीले बाबानं ढोलकीवाल्या सूर्यभानचं, कोरसमंधलं तुयं नाव सांगतलं ना, माय. तेच उचललं त्यानं."

"मंग चंदा काहून नाही?"

"टाइप केलं तं तेही म्हणीन. बाबाच्याच आवाजात."

तिने फोन प्रीतमपुढे सरकवला. "म्हणव मंग."

प्रीतमचं बोट फोनवर गेलं, तोच शेषरावांनी त्याचं मनगट धरलं. त्या हाडकुळ्या हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. फोन त्यांनी स्वतःच्या गळ्याशी ओढला. प्रीतमला उमगलं, त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं. शेषरावांचे ओठ दोनदा हलले. भोकातून दोनदा नुसती हवा आली.

पंचफुलाबाई ओठांकडेच पाहत होती. "म्हटलं त्यायनं," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून आत गेली.

चौथ्या दिवशी शेषराव गेले.

चौदा एप्रिलला गाणं आलं. खाली प्रीतमने लिहिलं होतं: खरखर एआयने काढली. शेवटचे अकरा सेकंद बाबांचे.

पहिली कमेंट अकोटहून आली: गाणं एक नंबर, पण शेवटी नुसती हवा ऐकू येऊन राहिली भाऊ, तेवढी साफ करून घ्या.

प्रीतमने फोन पालथा ठेवला. आतून पंचफुलाबाई म्हणाली, "ते शेवटचं लाव एकडाव."