नीलाताईचा अचानक जडलेला छंद

नीलाताईला डायमंड पेंटिंगचा छंद आहे, हे आम्हाला तिच्या लग्नाच्या बायोडाट्यातून कळलं. तिलाही तिथूनच कळलं.

त्याचं असं झालं. आमच्या घनसावंगीत आमच्या ओळखीतले सगळे बायोडाटे पप्पूच्या झेरॉक्स सेंटरवर टाइप होतात. पप्पू नवा बायोडाटा कधी टाइप करत नाही. आधीच्या पोरीचा उघडतो आणि त्यातलं नाव, उंची, रास आणि मामाचं गाव बदलतो. काम जल्दी होतं. कधीकधी जरा जास्तच जल्दी होतं. ताईच्या आधी कुठल्या पोरीचा नंबर होता कोण जाणे, पण तिचा छंद ताईच्या पानावर तसाच राहिला. वर गणपती, मध्ये बी.एस्सी. अ‍ॅग्री, खाली ‘छंद : डायमंड पेंटिंग’. पप्पांनी फोन नंबर तपासला, आईनं फोटो तपासला. छंद कुणीच तपासला नाही, कारण पोरीचा छंद कुणी वाचतं अशी शंकाच कुणाला आली नाही.

पण टेंभुर्णीच्या एका बाईंनी वाचला.

हसनाबादची गिरिजामावशी, म्हणजे आईची मावसबहीण, हिनं तो बायोडाटा आपल्या सगळ्या ग्रुपांवर टाकला होता. लग्न जुळवणं हा मावशीचा छंद. तिचा मात्र खरा आहे. रविवारी तिचा फोन आला.

“कांता, स्थळ लाखात एक हाय बघ. मुलगा अद्वैत, मूळ टेंभुर्णीचा, जालन्यात स्टीलच्या कंपनीत इंजिनियर. त्याच्या आईला नीलाचं ते हिऱ्याचं काम फारच आवडलंय. म्हणल्या, पोरीच्या हाताला कला हाय. पुढच्या रविवारी येणारेत. ते चित्र बी बघणारेत.”

“कोणतं चित्र?” आई म्हणाली.

बायोडाटा उघडला तेव्हा आम्ही तो पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.

पप्पा म्हणाले, “सांगून टाकू की टायपिंगची चूक झाली म्हणून. त्यात काय?”

“म्हणजे आपण न वाचताच पोरीचा बायोडाटा गावभर वाटला, असं सांगायचं?” आई म्हणाली.

पप्पा पंचायत समितीत क्लार्क आहेत. न वाचता पुढे पाठवलेल्या कागदाचं काय होतं ते त्यांना बराबर माहीत आहे.

ताई तेव्हा जालन्यात होती. ती एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. बी उगवतं की नाही ते तपासायचं, आणि ती उगवत नाही म्हणाली की कंपनीचे मोठे मोठे साहेबही ते पोतं विकू शकत नाहीत. घरात जिला गॅस बंद केलास का असं विचारतात तीच ही ताई. मी फोन करून तिला तिच्या नव्या छंदाची बातमी दिली. ती आधी भरपूर हसली. मग म्हणाली, “चिनू, खरं सांगू? पोरगा कसा का असंना, जालन्यात राह्यतो ना. मागची दोन्ही स्थळं लांबची होती. इथं लग्न झालं तर माझी लॅब सुटत न्हाई. तेवढं जमलं तर बास.”

झालं. ताईची लॅब वाचवायची तर हे स्थळ पाहिजे, स्थळ पाहिजे तर छंद पाहिजे, आणि छंद रविवारच्या आत पाहिजे. घरात मोबाइलमधलं सगळं मलाच कळतं, आणि शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन केल्यापासून मला काहीही जमतं असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे मोहीम माझ्याकडे आली.

आधी चित्र निवडायचं होतं. आईला राधाकृष्ण पाहिजे होते. पप्पांना पळणारे घोडे पाहिजे होते, कारण त्यांच्या साहेबांच्या हॉलमध्ये पळणारे घोडे आहेत. मी मोरांची जोडी मागवली आणि सांगितलं की बाकीचं शिल्लक नाही. हिरे गोल की चौकोनी, असं वेबसाइटनं विचारलं. नवीन असाल तर गोल घ्या, असंही लिहिलं होतं. आता मी काय नवीन दिसते का? मी चौकोनी घेतले.

कुरियरवाल्यानं बुधवारी फोन केला. घरी पोचवणार असं लिहिलेलं असलं तरी आमच्याकडे ते घर नेहमी तहसीलसमोरच्या चौकात असतं. मी सायकलवर जाऊन नळकांडी घेऊन आले. आत गुंडाळलेला कॅनव्हास होता, त्यावर बारीक बारीक चौकोन, प्रत्येक चौकोनात एक खूण. ज्या खुणेचा जो रंग, तो खडा तिथं चिकटवायचा. सोबत रंगीत खड्यांच्या पुड्या, एक पन्हाळीचा छोटा ट्रे, एक पेन आणि गुलाबी मेणाची वडी. पेनाचं टोक मेणात खुपसायचं, खडा उचलायचा, चौकोनावर ठेवून दाबायचा. संपलं. याला पेंटिंग का म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही.

पप्पांनी एक खडा चिमटीत धरून खिडकीपाशी नेला. “हे तर प्लास्टिक हाय.”

“मंग काय खरे हिरे येणार होते का कुरियरनं?” आई म्हणाली. पण पुडी तिनंही वर-खाली करून बघितली होती.

मी व्हिडिओ लावला. एक परदेशी बाई शांतपणे सांगत होती की कॅनव्हासवर चिकट गोंद असतो, त्यावरचं प्लास्टिक एकदम काढू नका, थोडं थोडं काढा. तिच्या शेजारी कॉफी होती, मांजर होती आणि आजूबाजूला ‘आवर जल्दी’ म्हणणारं कुणीही नव्हतं. छंद असाच जोपासता येतो. मी व्हिडिओ थांबवून पाणी प्यायला गेले.

एक सांगते. आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक मी पहिलीत होते तेव्हापासून आहे. पप्पांच्या गाडीच्या सीटवरचं फाटलं तरी काढलेलं नाही. फ्रिजच्या दारावरची फिल्म कोपऱ्यातून उचकटली तर आईनं ती चिकटपट्टीनं परत लावली. अशा या घरात, ज्या एका गोष्टीवरचं प्लास्टिक ठेवायचं होतं, तेवढ्याच गोष्टीवरचं आईनं मी पाणी पिऊन येईपर्यंत सगळं काढून टाकलं.

“आता कसं स्वच्छ दिसून राह्यलंय,” ती म्हणाली.

मोर खरंच स्वच्छ दिसत होते. पण आमच्या मधल्या खोलीत तेव्हा कापूस भरलेला होता. शेतातला कापूस, भाव वाढेल म्हणून थांबलेला, पार खिडकीच्या वरपर्यंत. आणि पप्पांना गरम होत होतं, म्हणून त्यांनी पंखा लावला.

थोड्या वेळात दोन्ही मोरांना पांढऱ्या दाढ्या आल्या.

मी रडले नाही. मी फक्त मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. ताईची लॅब कापसात गेली, असं काहीतरी बोलले. पप्पा पंखा बंद करून अंगणात निघून गेले. आईनं कॅनव्हासकडे बघितलं, पदर खोचला, एक मऊ फडकं भिजवलं, घट्ट पिळलं आणि मी आडवी येईपर्यंत पुसायला सुरुवातही केली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कापूस फडक्यावर होता, मोर कॅनव्हासवर होते आणि आई पाणी वाळायची वाट बघत बसली होती. वाळल्यावर तिनं बोट लावून बघितलं. चिकटपणा जागेवर होता.

“व्हिडिओत हे सांगितलं का तुझ्या बाईनं?” ती म्हणाली.

तिथंच मोहीम माझ्या हातून गेली, फक्त मला तेव्हा कळलं नाही.

मी ट्रेमध्ये खडे ओतून एकेक सुलटा करत होते. आईनं ट्रे घेतला आणि सुपात ज्वारी पाखडतात तसा दोनदा हलवला. सगळे खडे सुलटे होऊन रांगेत बसले. मी एक ओळ लावली. चौकोनी खडे म्हणजे एक तिरका गेला की पुढची अख्खी ओळ तिरकी जाते. माझ्या मोराची मान मुरगळल्यासारखी झाली. आईनं भुवयांच्या प्लकरनं माझी ओळ उचकटून काढली.

“तू अभ्यास कर,” ती म्हणाली. “दहावी हाय तुझी.”

दहावी जूनपासून होती. तिला ती त्या दिवशी आठवली.

गुरुवारी शाळेतून आले तर आई मोराच्या पिसाऱ्यात होती. शुक्रवारी भाजी करपली. आमच्या घरात भाजी फक्त माझ्या हातून करपते, त्यामुळे पप्पा सवयीनं मलाच ओरडले. संध्याकाळी तिची सिरियल लागली तर तिनं मान वर केली नाही. सुनेला सासूनं घराबाहेर काढलं, मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. “काढू दे,” ती म्हणाली. “तो हिरवा दे इकडं. हा न्हाई, गडद.”

मी विचारलं, “तुला एवढं काय आवडून राह्यलंय यात?”

तिनं खडा दाबला. “भांडी घासली की परत खरकटी होतेत. झाडलं की परत कचरा होतो. हे एकदा लावलं की लावलेलंच राह्यतं.”

मी गडद हिरव्याची पुडी शोधून तिच्यापुढे ठेवली. टोमणा न मारता.

शनिवारी ताई आली. निम्मे मोर पूर्ण झाले होते, आणि निम्मेच बरे होते, म्हणजे छंद चालू आहे असं दिसतं. ताईनं पेन हातात घेऊन बघितलं, दोन खडे लावले. आई म्हणाली, “वाकडे लावू नको.” ज्या छंदावर ताईचं लग्न ठरणार होतं त्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती.

रविवारी पाहुणे आले. अद्वैत, त्याचे आई-वडील आणि सगळ्यांच्या पुढे गिरिजामावशी. मी मुरमुऱ्यांचा सुशीला दिला, ताईनं चहा दिला. अद्वैत दिसायला बरा होता. त्यानं ताईला विचारलं, जालन्यात कुठं राहता? ताईनं सांगितलं. मग त्याचं विचारायचं संपलं. बाकीचं त्याच्या आईकडे होतं.

त्यांनी चित्र मांडीवर घेतलं. बोटं फिरवली, चष्मा काढून जवळून बघितलं. “किती बारीक काम हो. हात हलका हाय पोरीचा.”

“लहानपणापासून नाद हाय तिला,” गिरिजामावशी म्हणाली. मावशीनं ते चित्र तेव्हा पहिल्यांदा बघितलं होतं.

“आमची एकच काळजी होती,” अद्वैतची आई म्हणाली. “आजकालच्या पोरींना घरी करमत न्हाई. नोकरी सोडली की तोंड पाडून बसतेत. पण हिचा तो प्रश्नच न्हाई. दिवसभर खडे लावत बसंल. वेळ कसा गेला कळणार बी न्हाई.”

ताईच्या हातात चहाचा रिकामा ट्रे होता. तो तिनं खाली ठेवला नाही, आत नेलाही नाही.

“पण माझी लॅब जालन्यातच आहे,” ती म्हणाली. “घरापासून जवळच पडेल.”

“जवळ असू दे ना बाई. पण गरज काय? अद्वैतला चांगला पगार हाय. त्यानं सकाळी डबा न्यायचा, तू बी डबा न्यायचा, मंग घरी कोण? छंद असणाऱ्या पोरीला नोकरी कशाला लागती?”

“बिलकुल,” मावशी म्हणाली.

ताईनं अद्वैतकडे बघितलं. तो सुशील्यातले शेंगदाणे शोधत होता. “मम्मीचं बी बरोबर हाय तसं,” तो बशीला म्हणाला. ताईनं पप्पांकडे बघितलं. पप्पा पंख्याकडे बघत होते, जो बंद होता.

म्हणजे आम्ही आठवडाभर राबून ताईच्या लॅबला कुलूप बनवलं होतं आणि ते पाहुण्यांच्या मांडीवर ठेवलं होतं. वर मोर काढून. मी बोलायला तोंड उघडलं. मला माइक लागत नाही. पण आई माझ्या आधी बोलली.

“ते चित्र माझं हाय.”

“अगं कांता,” मावशी म्हणाली.

“तिचं न्हाई ते. तिनं दोन खडे लावलेत, ते बी मी काढून परत लावले. बायोडाट्यात चुकून छापलं गेलं आणि आम्ही ते खरं करायला निघालो, ती चूक आमची.” आईनं हात पुढे केला आणि अद्वैतच्या आईच्या मांडीवरून चित्र उचलून घेतलं, दोन्ही हातांनी, कोपऱ्याला धक्का न लावता. “छंद मला हाय. कारण मी घरी असते. तिला नोकरी हाय. ती चालू ऱ्हाणार असंल तर पुढचं बोलू. न्हाईतर सुशीला घ्या अजून थोडा.”

अद्वैतच्या वडिलांनी बशी पुढे केली. आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले. “घ्या म्हणलंच हाय तर द्या. चांगला झालाय.”

विचार करून कळवतो, असं सांगून पाहुणे गेले. पप्पा दारातूनच सुरू झाले. “काय गरज होती तुला मध्ये बोलायची? चांगलं जमत आलं होतं.”

“काय जमत आलं होतं?” आई म्हणाली. “तुम्ही पंखा बघत होता. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं.”

ताईनं त्या दिवशी सगळे कप स्वतः घासले. मी आत गेले तर तिनं नळ मोठा सोडला होता आणि तिचे डोळे लाल होते, पण ती हसत होती. सोमवारी सकाळी ती पहिल्या बसनं जालन्याला निघाली. आईनं डबा दिला. दोघींनाही एकमेकींना काहीतरी म्हणायचं होतं, हे मला दिसत होतं, आणि आमच्या घरात तसं म्हणायची पद्धत नाही.

“पुढचं चित्र कोणतं मागवू तुला?” ताईनं चप्पल घालता घालता विचारलं.

“मोठं,” आई म्हणाली. “आणि गोल खडे नको.”

बुधवारी गिरिजामावशीचा फोन आला. आई मोराच्या डोळ्यापाशी होती, म्हणून फोन मी स्पीकरवर धरला.

“कांता, त्यांचा निरोप आला. पत्रिका जुळत न्हाई म्हणतेत.” पत्रिका याच मावशीनं मागच्याच आठवड्यात जुळवली होती आणि उत्तम जुळली म्हणून पेढे मागितले होते. “आता तूच बघ. तोंडाशी आलेलं स्थळ गेलं. असं स्थळ परत मिळंल का? तुला काही वाटतंय का न्हाई?”

आईनं मेणात पेन खुपसलं, काळा खडा उचलला आणि डोळ्यात ठेवून अंगठ्यानं दाबला.

“वाटतंय ना,” ती म्हणाली. “पण ठेव आता. काम करून राह्यले मी.”