बुवांच्या पायाखालची चटई

येलहंक्यातल्या आपल्या शेडमध्ये जुन्या टायरांचा चुरा करून रबरी चटया बनवायच्या, आणि हंबीररावांनी निवृत्तीची पुंजी घालून त्यात भागीदार व्हायचं, असं पुतणी रक्षितानं सुचवलं, तेव्हा ते हसलेच. तीस वर्षं त्यांनी बस-डेपोत टायर बदलले होते.

"अगं, टायरवर बस धावते. माणूस उभा राहील का?"

"राहून बघा ना, अण्णा," म्हणत तिनं एक काळी चटई त्यांच्या स्कूटरवर बांधून दिली.

घरी बायकोनं, भाग्यलक्ष्मीनं, ती हुंगून पाहिली. "वास नाही हो. पण म्हातारपणाची पुंजी आहे, स्वल्प विचार करा."

हंबीरराव विचार करायचे ते कीर्तनात. शनिवारी जे. पी. नगरच्या देवळात भीमाचार्य बुवा कीर्तनाला उभे राहणार होते. बुवांचा गळा सत्तरीतही गोड, गुडघे मात्र थकलेले. गार फरशीवर तास झाला की ते या पायावरून त्या पायावर भार टाकू लागत. ती खूण ओळखून भाग्यलक्ष्मी आरतीचं तबक लावायला उठे. हंबीररावांनी लवकर जाऊन बुवांच्या जागी सतरंजीखाली चटई सरकवली. कुणाला सांगितलं नाही.

उत्तररंगाच्या कथेत एक भोळा नावाडी देवाला शोधायला निघाला. तास उलटला. नावाडी नदी ओलांडून गेला, डोंगर चढला, उतरला, तरी बुवांचे पाय हलेनात. झांज खणखणतेच आहे!

"अहो, प्रसादाचा पोंगल निवला," भाग्यलक्ष्मी कुजबुजली. हंबीररावांचं लक्ष नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कीर्तनात बसून ते कथा सोडून नुसते पाय बघत होते.

आरती झाल्यावर बुवांनी सतरंजी उचलली. "हे कुणी घातलं?"

हंबीरराव हात जोडून पुढे आले. "चुकलं, आचार्य. टायरचं आहे. कुठकुठली घाण तुडवून आलेलं, आणि न विचारता तुमच्या पायाखाली..."

"तबल्यावर कातडं कुणाचं, ते विचारलंत कधी?" बुवा हसले. "देवाच्या दारी कामाला लागलं ना? मग राहू दे इथंच. पेटीवाल्या गुरुराजला तेवढी देऊ नका, तो बसूनच असतो."

देवळाच्या पायरीवरूनच हंबीररावांनी फोन लावला. "रक्षिता, सरी, ठरलं. मी आहे तुझ्याबरोबर."

"मशीन न बघताच, अण्णा?"

"सोमवारी येतो. टायर नीट कापत नसशील तर ओरडणार आहे."

"आणि तिला म्हणावं," मागून भाग्यलक्ष्मी म्हणाली, "ओट्यापुढे घालायला एक पाठव. मीही तीस वर्षं उभीच आहे."