मांडणीवरची भांडी

"आजपासून लातुरात शिक्षणाचा नवा इतिहास लिहिला जाणार!" क्लासच्या अ‍ॅपचं उद्घाटन करताना जहांगीर सरांनी जाहीर केलं. इतिहास उघडायला त्यांना पासवर्ड आठवेना, म्हणून लोकांना टाळ्या दोनदा वाजवाव्या लागल्या.

अ‍ॅप यासेरनं बनवलेलं. सकाळी हजेरी झाली की पालकांच्या फोनवर निरोप. हे निरोपाचं कोड त्यानं नव्यानं लिहिलंच नव्हतं. अहमदपूरच्या टेम्पोवाल्यांच्या अ‍ॅपसाठी केलेलं काम एका सामाईक लायब्ररीत, म्हणजे कुठल्याही अ‍ॅपला जोडता येणाऱ्या कोडच्या गाठोड्यात, बांधून ठेवलं होतं. तेच गाठोडं न सोडता इकडं जोडलं. चालतंय म्हटल्यावर उघडून कोण बघतो?

आठवड्यानं शिवांगी नावाची विद्यार्थिनी त्याच्यासमोर उभी राहिली. हातात भरलेली बॅग.

"सर, मी गावाकडं चालले. तुमच्या अ‍ॅपमुळं आजी घरात पाऊल टाकंना. बाबा म्हणतात, क्लास सोड, आजीला सांभाळ."

"अ‍ॅपनं काय केलं?"

"आमच्याकडं रेंज फकस्त भांड्याच्या मांडणीवर येती, म्हणून फोन तिथंच असतो. निरोप आला की सगळी भांडी वाजत्यात."

यासेरनं ते कोड उघडलं. टेम्पोच्या खडखडाटात कळावं म्हणून त्यानंच व्हायब्रेशन लांबलचक ठेवलं होतं, फोन मुका केला तरी न थांबणारं. आणि शिवांगीचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. त्र्याण्णव साली तिच्या आजीनं, साखराबाईंनी, आधी भांडीच ऐकली होती. मग भिंत आली. थोरली लेक सिंधू भिंतीच्या कडंला निजली होती.

"दोन दिवस थांब," तो म्हणाला. "बॅग राहू दे इथंच."

लायब्ररीतून व्हायब्रेशन काढून टाकलं तर टेम्पोवाले बोंबलणार. म्हणून ज्या अ‍ॅपला हवं त्यानं मागून घ्यावं, अशी सोय केली. क्लासच्या अ‍ॅपनं मागितलं नाही. मग एसटीनं गावाला जाऊन त्यानं नवं अ‍ॅप स्वतः फोनात घातलं.

साखराबाई अंगणात बाजेवर होत्या. आत मांडणी रिकामी, भांडी जमिनीवर पालथी. यासेरनं मांडणीवर एक तांब्या ठेवला, त्याला फोन टेकवला नि तिथूनच आपल्या फोनवरून सरांना शिवांगीची हजेरी पाठवायला लावली.

साखराबाई चौकट धरून उभ्या राहिल्या. फोन उजळला. तांब्या हलला नाही.

"पोरगी हजर हाय म्हणतंय का?"

"हाव, आजी. चूक माझी व्हती."



"सिंधूलाबी शाळंची लई गोडी व्हती," एवढं म्हणून त्या उंबरा ओलांडून आत आल्या. जमिनीवरचा पसारा न्याहाळला.

"आलाच हायस, तर ही भांडी वर लावू लाग, लेकरा. पितळंची मागं."