न हरणारा मिठाचा गडी

मित्रांनो, मिठाचा जुना गडी म्हणतात मला, पण माझ्या अंगाला मिठाचा एक कणही कधी लागलेला नाही. मी राहतो प्राप्तीच्या कॉम्प्युटरमधल्या खेळात. प्राप्ती पेणच्या खाडीकाठची. तिचे आजोबा बुधाजी यांनी उभी हयात मिठागरात काढली. मला घडवताना तिने त्यांचाच रापलेला चेहरा दिला आणि हातात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी.

या खेळात दोघादोघांच्या जोड्या लढतात. पाणी आगीला विझवतं, माती पाण्याला अडवते, वारा मातीला उडवतो आणि आग वाऱ्यालाच गिळून मोठी होते. प्रत्येकाला कुणीतरी भारी. मला मात्र कुणीच नाही! आजोबांच्या चेहऱ्याचा गडी हरलेला प्राप्तीला बघवेना, म्हणून तिने मला कमजोरीच ठेवली नाही.

सुरुवातीला माझा काय तो थाट! तिचा भाऊ परेश, चुलत बहीण मृणाली, सगळे मलाच निवडायचे. आग, पाणी, माती बिचारी कोपऱ्यात माश्या मारत बसायची. मग माझी लढाई माझ्याशीच होऊ लागली आणि ती काही केल्या संपेना. मुलं कंटाळून दुसऱ्या खेळाकडे पळाली. मी खेळातल्या मिठागराच्या बांधावर एकटाच उभा राहिलो. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

"हा गडी काढूनच टाक ना," परेश एकदा म्हणाला. "याच्यामुळे गेमची वाट लागली."

प्राप्ती मला पुसायला बसली आणि माझा धीर सुटला. बुधाजी मागे चहा पीत होते.

"अगो, यो माझे तोंडाचा एकलाच का उभा हाय?"

"त्याला कुणी हरवूच शकत नाही, आजोबा. म्हणून कुणी खेळत नाही."

"मंग हरव की! गोऱ्या पान्यात मीठ कवा टिकलाय?"

"गोड्या पाण्यात विरघळेल हो, पण तुमचा चेहरा आहे त्याला. माझ्या जिवावर येतं."

म्हातारा हसला. "बांधाला खांड परली, गोरा पानी आत शिरला, का मी पन हाक मारायचो. सगला गाव माती घेऊन धावायचा. यालाबी मारू दे हाक."

प्राप्तीने मला गोड्या पाण्याची भीती दिली आणि हाक मारायचं एक बटण दिलं.

संध्याकाळी तिने मुलांना परत खेळायला बोलावलं. परेशने मला घेतलं आणि त्याच्या जोडीला मृणालीने मातीला. समोरच्या जोडीतलं गोडं पाणी आलं आणि माझे पाय विरघळू लागले. किती घाबरलो मी! परेशने हाकेचं बटण दाबलं आणि माझ्या वतीने स्वतःच ओरडला, "मृणाली, धाव गं, मी चाललो!"

"थांब, आले!" मृणाली ओरडली आणि मातीने माझ्यापुढे बांध घातला. इतक्या काळात पहिल्यांदा माझ्या शेजारी कुणी उभं होतं.

तरी आम्ही हरलोच. पण मुलं उठली नाहीत. "परत, परत!" म्हणत परेशने मलाच निवडलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर मला जिंकवत बसू नका. मी हाक मारली की या.