वामकुक्षी

सर्व्हरच्या पाठीवर तिनं तळहात टेकवला आणि लगेच मागे ओढला. डबा चांगलाच तापला होता. आतला पंखा सकाळपासून असा घोंघावत होता, की शेजारच्या खोलीत प्लास्टर घासत बसलेल्या सासऱ्यांनीसुद्धा मान वर केली.

"काय इंजिनियरबाई, आज विमान उडवणार वाटतं?"

ती हसली नाही. एरवी हसली असती, पण आजचा दिवस हसण्याचा नव्हता. कृत्रिम पाय बनवायचा हा कारखाना सासऱ्यांनी एकहाती उभा केलेला. कारखाना कसला, तीन खोल्या, एक भट्टी आणि भिंतीला टेकवून ठेवलेले पायच पाय. सासऱ्यांना सगळे मुलगेच. त्यांतला धाकटा तेवढा या धंद्यात राहिला, आणि त्याच्याशी लग्न करून आलेल्या या सुनेनं कारखान्यात कॉम्प्युटर आणला. उरलेल्या पायाचं स्कॅनरनं माप घ्यायचं आणि त्यावर नेमकं बसेल असं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची वरची खोबण, तिच्या प्रोग्रॅमनं आखायची. सुरुवातीला काम चहा संपायच्या आत व्हायचं. मग मशीन रेंगाळायला लागलं. एकेका सॉकेटला दिवस मावळायचा. काल तर आखणी अर्ध्यातच लटकली आणि पायमशीन चालवणाऱ्या शिंपीकाकांना कुबड्या टेकत तसंच परत जावं लागलं.

सासरे ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, "उद्या संध्याकाळी तो परत येईल. तोवर जमलं तर जमलं. नाहीतर हा डबा विकायचा आणि आपलं प्लास्टरच बरं." नवऱ्यानं नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात ठेवले आणि "बघू की" म्हणाला.

दुपारी सासऱ्यांनी हात धुतले, चप्पल पायात सरकवली.

"जेवून, वामकुक्षी करून येतो. शिंप्याचं लक्षात आहे ना?"

"आहे, बाबा."

उभ्या जन्मात दुपारी कधी न लवंडलेल्या माणसाला अलीकडे ही सवय लागली होती. वय झालं, दुसरं काय, असं घरात सगळे म्हणायचे.

ती पुन्हा पडद्यासमोर बसली. इतके दिवस ती स्वतःच्याच प्रोग्रॅमची ओळ न् ओळ चाळत होती. चूक आपलीच असणार, हे तिनं मनाशी पक्कं धरलेलं. आज पहिल्यांदा तिनं वेगळा प्रश्न विचारला. मशीन राबतंय ते नक्की कुणासाठी? लिनक्सवर चालू असलेल्या कामांची यादी तिनं उघडली आणि ती बघतच राहिली. तिचा बिचारा प्रोग्रॅम तळाशी कोपऱ्यात उपाशी बसला होता. जवळजवळ सगळा प्रोसेसर एकटाच कुणी खात होता. नाव साळसूद, मशीनच्या घरातलंच वाटावं असं. मालकाच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं, 'बाबा'.

"बाबा?" ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली.

हे खातं तिनंच पूर्वी सासऱ्यांना हौसेनं काढून दिलं होतं. पासवर्ड टाकताना तिनं रीतीप्रमाणे तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. सासऱ्यांनी एका बोटानं काहीतरी टकटक केलं आणि "हे आपलं काम नव्हे" म्हणून उठले, ते त्या खुर्चीत परत कधी बसलेच नाहीत.

तिनं तो उपद्व्यापी प्रोग्रॅम बंद केला. पंखा शांत झाला. पाणी पिऊन येते तोच पंखा पुन्हा घोंघावायला लागला. मेला परत उठून बसला होता! मग तिनं पदर खोचला. ठरावीक वेळानं त्याला जागं करणारी नोंद सापडली, ती काढली. लपवलेल्या फोल्डरातली त्याची फाइल काढली. कुणा परक्यानं पुन्हा आत शिरता यावं म्हणून मशीनमध्ये ठेवून दिलेली डिजिटल किल्ली होती, तीही काढली. फाइल तपासली तेव्हा उलगडा झाला. कुठल्यातरी दूरच्या भामट्यानं तिच्या मशीनला डिजिटल नाणी कमवायच्या आकडेमोडीला जुंपलं होतं. वीज यांची, मशीन यांचं आणि नाणी त्याच्या खिशात. आयत्या बिळावर नागोबा! आणि ती मात्र इतके दिवस चोर सोडून संन्याशाला फाशी देत होती.

पंखा शांत झाला आणि या वेळी शांतच राहिला. तिनं शिंपीकाकांचं माप चढवलं. आखणी सरसर पुढे सरकू लागली.

पण हा आत शिरला कुठून? तिनं येण्याजाण्याच्या नोंदी काढल्या. परक्यानं पासवर्डांचा नुसता मारा केला होता आणि एकदाचा 'बाबा' या नावानं आत आला होता. त्याच नावानं आणखी कुणीतरी येत होतं, त्याच्याही आधीपासून. रोज दुपारी. पत्ता वाचून तिचा हात थांबला. तो त्यांच्याच घरातल्या इंटरनेटचा होता.

खात्यात 'सराव' नावाचं फोल्डर होतं. आत जुन्या गिऱ्हाइकांच्या मापांवर आखलेली सॉकेटं. पहिलं अगदी बादलीसारखं. पुढचं तिरकं. मग जरा बरी. शेवटचं तर बरंच चांगलं. ती एकेक उघडत गेली. वामकुक्षी म्हणे!

संध्याकाळी शिंपीकाकांनी नवं सॉकेट चढवलं, उभे राहिले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"पोरी, कुठंच टोचत नाही गं," ते म्हणाले. "देव तुझं भलं करो."

ते गेल्यावर सासरे सर्व्हरजवळ आले, कान देऊन उभे राहिले.

"आज गप्प कसा हा?"

"चोर शिरला होता, बाबा. हाकलला. उद्या मापं बाजूला काढून सगळं पुसते आणि नव्यानं बसवते, म्हणजे मनात किंतू नको."

"शिरला कुठून?"

"घरून इथं यायचं दार कुणीतरी कच्चं बसवलं होतं. चूक माझी. ते मीच नीट बसवून द्यायला हवं होतं."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हातावरचं प्लास्टर खरवडायला घेतलं.

"ते दार बसवायला गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं होतं मी," ते हळूच म्हणाले. "तुझ्यासमोर चुकायची लाज वाटायची. म्हटलं, आधी जमू दे."

"जमलंय, बाबा. शेवटचं मी पाहिलं." ती कीबोर्डकडे वळली. "पासवर्ड काय ठेवला होता?"

"सोपाच होता."

"सांगा की. आता तो बादच झालाय."

"लेक," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आणि पुढे एकचा आकडा."

तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"एकच आहे ना," सासरे म्हणाले. "लक्षात राहतं."

तिनं आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "बसा. नवा टाका. पण लांबलचक हवा हं, चोराला सापडता कामा नये."

ते बसले. तिनं रीतीप्रमाणे तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि डोळे पुसायला ते बरंच झालं. मागे एका बोटाची टकटक सुरू झाली. या वेळी ती बराच वेळ चालली.