पडायची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे हो, पडायची! झोपायच्या गाद्यांना चादरी मिळतात, उशा मिळतात, दुपारी कोणाची तरी मऊ कूस मिळते. माझ्या वाट्याला आल्या टाचा, कोपरं आणि ढोपरं. तरी खरं सांगते, त्या चादरवालीशी मी कधीही अदलाबदल केली नसती. निदान ती सही होईपर्यंत तरी नक्कीच नाही. सहीचं पुढे सांगते.

गाद्या शिवणाऱ्या एका नवराबायकोच्या दुकानात माझा जन्म झाला. तो काथ्या पिंजून भरायचा आणि ती दाभणाने टाके घालायची. वर जाड हिरवं कॅनव्हास, चार कोपऱ्यांना चार चामडी मुठी. शाळेची मागणी आहे हे कळल्यावर तिने प्रत्येक टाका दुहेरी घालायला सुरुवात केली.

"अगं, दोरा काय फुकट येतो?" नवरा कुरकुरला.

"अहो, पोरं पडणार आहेत हिच्यावर. टाका उसवला तर खाली जमीन आहे."

 तिचे ते टाके आजही शाबूत आहेत. माझ्यात बिघडलं ते दुसरंच.

शाळेत मला हॉलमध्ये ठेवलं. उंच खिडक्या, लाकडी जमीन, भिंतीला डोक्याच्या तेलाचे डाग. तिथले धनी म्हणजे खेळाचे सर. बुटके, दंड जाडजूड, आणि आवाज मात्र असा मऊ की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू यावं. शिट्टी गळ्यात असायची, पण वाजवायचे नाहीत. दोन टाळ्या वाजवल्या की चाळीस पोरं रांगेत उभी. आठवड्यातून तीन वेळा खेळाचा तास असे, आणि तो गणिताइतकाच सक्तीचा होता.

सरांचा एक नेम होता. नवीन वर्ग आला की पहिल्या आठवड्यात पळणं नाही, चेंडू नाही, उडी नाही. फक्त पडायचं. प्रत्येकाने दहा वेळा.

"हनुवटी छातीला. पाठ गोल. हात आत. आणि श्वास सोडा रे, श्वास धरून कोणी पडतं का! ज्याला पडता येतं त्यालाच उडी मारता येते."

एक जण पडायचा आणि सगळा वर्ग मोठ्याने मोजायचा. दहापर्यंत हसायचं नाही, असा कायदा. दहाव्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. कोणी म्हणालं, "सर, पोट दुखतंय," तर सर म्हणत, "पडून बघ, थांबेल." आणि गंमत म्हणजे थांबायचंही! पहिल्या वेळी पोर माझ्यावर लाकडाच्या फळीसारखं आदळायचं. दहाव्या वेळी ओल्या कपड्यासारखं यायचं. त्या पोराच्या अंगातून भीती निघून गेली हे त्याच्या आईबापांच्या आधी मला कळायचं. माझ्याइतकं मोठं सुख त्या शाळेत कोणालाच नव्हतं.

मग एके वर्षी पाचवीत एक मुलगी आली. आईचं बोट धरून आली. तिची आई दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. दिवसभर पट्ट्या भिजवून द्यायची, मोडलेले हातपाय धरून ठेवायची.

"सर, माझी पोर काचेच्या बरणीसारखी जपलीय मी," आई म्हणाली. "चार वर्षांची होती तेव्हा महिनाभर दवाखान्यात होती. आता बरी आहे. डॉक्टरही म्हणतात, बरी आहे. पण मी रोज काय बघते ते मला विचारा! काल एक पोरगी आली, एवढीशी. कोपराचं हाड बाहेर. हिला खेळाच्या तासातून सोडा."

"ताई, उलट पडायला शिकली तर मोडणार नाही."

"ते सगळं खरं हो. पण मला झोप लागत नाही. माझ्यासाठी एवढं करा." आणि ती तिथेच रडायला लागली.

पाठीमागे ती मुलगी उभी होती. तिने बुटाच्या टोकाने माझी कड हळूच दाबून पाहिली. मऊ आहे का ते बघितलं. मग आणखी एकदा दाबली. मित्रांनो, ज्याला नको असतं तो दोनदा दाबून बघत नाही. पण मला वाचा कुठली! आणि सर तर आईकडे बघत होते. कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं की त्या जाड दंडांचा माणूस अगदी पाणी पाणी व्हायचा. त्यांनी खिशातून पेन काढलं, गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं, "या मुलीला खेळाच्या तासाची गरज नाही." खाली सही ठोकली.

"महिनाभर सूट द्यावी," एवढंच लिहायचं होतं त्यांना. पण आई हुंदके देत होती, मुलं वाट बघत होती, आणि घाईत जे सुचलं ते लिहून ते मोकळे झाले. महिन्याने घेऊ की हिला वर्गात, असा त्यांचा हिशेब. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

शाळेतल्या शिपाई मावशी दाराशी झाडत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

"मावशी, एका मुलीने काय होतंय?"

 मावशींनी झाडू जरा जोरात मारला.

मुलांनी ते "काचेची बरणी" नेमकं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव बरणी. "बाजूला व्हा रे, बरणी आली, फुटेल!" ती दाराजवळच्या बाकावर बसायची. तिला वाईट वाटू नये म्हणून सरांनी तिच्याकडे मोजायचं काम दिलं. आणि काय सांगू, असं मोजणारं माणूस मी पाहिलं नाही! प्रत्येक आकड्याला तिची हनुवटी आपोआप छातीला लागायची, पाठ गोल व्हायची. "दहा!" म्हणताना आवाज चढायचा. सगळा धडा तिला बाकावर बसल्या बसल्या पाठ झाला होता.

महिना झाल्यावर सरांनी विचारलं, "काय गं, येतेस का?"

चाळीस डोकी एकदम तिच्याकडे वळली. ती बुटांकडे बघत म्हणाली, "नको, सर."

"बरं. तुझी मर्जी."

पुढच्या आठवड्यात परत विचारलं. परत "नको, सर". चांगली दोन वर्षं हेच चाललं. मला सरांचा इतका राग यायचा! अहो, चारचौघांत असं विचारल्यावर कोणती पोर "हो" म्हणेल? बाकीच्या चाळीस जणांना कोणी विचारलं होतं का कधी? त्यांना यावंच लागायचं. त्यांतली निम्मी तरी मनातून हिच्याइतकीच भेदरलेली असायची. पण सगळ्यांनाच सक्ती, म्हणून कोणाची भीती उघडी पडत नव्हती.

मावशींचं बोलणं खरं झालं. एक चिठ्ठी पचली म्हटल्यावर दुसरी आली. एकाला सर्दी, एकीची परीक्षा, एकीचे कपडे मळतात, एकाचे वडील म्हणतात खेळून कोणाचं पोट भरलंय. दोन वर्षांत कपाटात चिठ्ठ्यांची चळत झाली. आणि मग एके दुपारी कमिटीची सभा भरली. ती हॉलमध्येच भरली, म्हणून मला सगळं ऐकू आलं. प्रश्न एकच होता. खेळाचा तास सक्तीचा ठेवायचा, की ज्याला हवा त्याने यावं?

सर पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलले. "ज्याला हवं तो येईलच हो! तो कुठेही उडी मारेल. ज्याला भीती वाटते तो आपणहून कधीच येणार नाही. सक्ती त्याच्यासाठी आहे."

मोठ्या बाई काही दुष्ट नव्हत्या. उगाच कशाला कोणाला नावं ठेवू. त्या म्हणाल्या, "सर, लहानपणी खेळाचा तास आला की मी शाळा बुडवायला बघायचे. संघ पाडताना सगळ्यांत शेवटी मी उरायचे. 'ही तुम्हाला घ्या, आम्हाला नको,' असं माझ्यासमोर बोलायचे. ज्यांना नको त्यांना ओढून आणायचं कशाला?"

"म्हणून तर मी संघ पाडत नाही, बाई. आधी सगळ्यांना पाडतो."

दोन-चार जण हसले. मोठ्या बाईसुद्धा हसल्या. मला वाटलं, जिंकले सर! पण बाईंनी फाइल उघडली आणि सगळ्यांत खालचा, कडा पिवळ्या पडलेला कागद काढला.

"'या मुलीला खेळाच्या तासाची गरज नाही.' सर, ही सही तुमचीच ना?"

 सरांनी कागद हातात घेतला. 

"माझीच," ते म्हणाले.

"मग तुम्हीच ठरवलंत की काही मुलांना गरज नसते. आम्ही तेच म्हणतोय."

आपलेच दात, आपलेच ओठ. सर खाली बसले. तास ऐच्छिक झाला.

पहिल्या वर्षी पंधरा जण आले, सगळे आधीच चपळ. दुसऱ्या वर्षी चार. नंतर हॉलमध्ये जादा शिकवणीची बाकं मांडली. मला गुंडाळून सामानाच्या खोलीत टाकलं, वर मोडक्या खुर्च्या रचल्या. उंदरांनी एका कोपऱ्यातून काथ्या ओढून संसार थाटला. सरांना परीक्षेच्या वेळी वर्गावर देखरेख करायचं काम दिलं. अधूनमधून ते खोलीत येत, खुर्च्यांच्या फटीतून हात घालून माझी मूठ धरून उभे राहत आणि जात. मी मनातल्या मनात म्हणायचे, अहो सर, एकदा तरी उलगडा हो. अंग आखडलं माझं.

काल सरांचा शाळेतला शेवटचा दिवस होता. सामानाची यादी करून ते प्रत्येक वस्तूपुढे "ठेवा" किंवा "मोडीत" असं लिहीत होते. माझ्या ओळीपुढे पेन अडलं होतं. तेवढ्यात दारात कोणी तरी उभं राहिलं. उंच, सडपातळ, हातात परीक्षेची पाटी. बरणी! दहावीचा शेवटचा पेपर देऊन आली होती.

"सर, मला एकदा पडायचंय."

सरांनी काही विचारलं नाही. खुर्च्या बाजूला केल्या, मला ओढत हॉलमध्ये नेलं, पट्टे सोडले. मधोमध मला अशी घडी पडली होती की मी नीट पसरेना. सरांनी गुडघ्यांनी दाबून दाबून मला सपाट केलं. मी माझं होतं नव्हतं तेवढं मऊपण गोळा केलं.

ती माझ्यासमोर उभी राहिली.  हनुवटी छातीला, पाठ गोल, हात आत. आणि ती पडली. फळीसारखी पडली, सगळे पडतात तशीच.

"एक," सर म्हणाले.

ती उठली नाही. छताकडे बघत माझ्यावर पडून राहिली. "एवढंच होतं?"

"एवढंच होतं गं."

मग ती उठली आणि पुन्हा पडली. दोन. तीन. चौथ्याला श्वास सोडला. सातव्याला मला पाठ लागल्याचं कळलंसुद्धा नाही. सर मोजत होते आणि त्यांचा मऊ आवाज आणखी मऊ होत चालला होता. "दहा!" ती स्वतःच म्हणाली. सरांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस पोरांच्या टाळ्या ऐकलेल्या त्या हॉलमध्ये दोनच हात वाजत होते.

"आईला सांगशील?" सरांनी विचारलं.

"सांगेन. आधी घाबरेल, मग माझे दोन्ही हात चाचपून बघेल." ती हसली. मग बुटाची नाडी बांधत, मान वर न करता म्हणाली, "सर, तुम्ही दर आठवड्याला विचारायचात ना, येतेस का म्हणून? मी दर वेळी घरून ठरवून यायचे, आज हो म्हणायचं. आणि तोंडातून नको यायचं. तुम्ही विचारायला नको होतं, सर. नुसतं 'चल' म्हणायला हवं होतं."

ती नमस्कार करून गेली. सर माझ्यावरच बसून राहिले. इतकी वर्षं पोरांना वाकायला शिकवलेला माणूस, पण त्यांना काही उठता येईना. शेवटी मावशींनी येऊन हात दिला.

"चला सर," मावशी म्हणाल्या. "दार लावायचंय."

यादीत माझ्यापुढे त्यांनी "ठेवा" असं लिहिलं. पण नवीन आलेल्यांनी ते खोडलं असणार, कारण आज सकाळपासून मी मोडक्या खुर्च्यांबरोबर फाटकाबाहेर पडून आहे. असो. माझं वय झालं, माझ्यासाठी रडू नका. दुसरी गादी घ्या, तिला महिन्यातून एकदा ऊन दाखवा, गुंडाळून कोंडू नका, ओलीत ठेवू नका. पण मित्रांनो, एवढं माझं ऐका. तुमच्या वर्गात दाराजवळच्या बाकावर कोणी एकटं बसलेलं असेल आणि इतरांचे आकडे मोजत असेल, तर त्याला "येतोस का?" असं विचारू नका. तो "नको" म्हणेल, आणि घरी जाऊन रडेल. त्याचा हात धरा आणि म्हणा, "चल."