भिंतीकडे तोंड करून

दुपारी बाळ झोपलं की धाकटीला जेमतेम पाऊण तास मिळायचा. आज तो तिनं बाबांच्या खोलीसाठी राखला, कारण दादानं रिकामी खोकी आणून दारातच रचली होती. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, सगळंच नेणार होतं.

बाबांनीच होकार दिला होता. चाळीस वर्षं गाणी रेकॉर्ड केलेला माणूस. गाणाऱ्यानं श्वास कुठे चोरला ते भिंतीपलीकडून सांगायचा. पण महिनाभर त्यांना प्रत्येक आवाज उजवीकडे कललेला ऐकू येत होता. “डावा कान गेला,” एवढं म्हणून त्यांनी गाणी ऐकणंच सोडलं होतं.

“दादा, दोन अ‍ॅम्प्लिफायरपैकी एक जळला, तू दुसरा आणून जोडलास, तेव्हापासूनच हे सुरू झालंय.”

“त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा आणलाय, फक्त पंधरा वर्षांनी धाकटा. वय झालंय गं त्यांचं. मशीनवर कशाला खापर फोडतेस? जा, दुपट्यांच्या घड्या घाल.”

घड्या तशाच राहिल्या. तिनं बाबांची जड खुर्ची ओढत, स्पीकरांकडे पाठ होईल अशी उलटी फिरवली.

“बाबा, बसा. भिंतीकडे तोंड करून.”

“शिक्षा आहे का ही?”

“हो. न भांडता हार मानल्याची.”

तिनं एकट्या बाईच्या गाण्याची तबकडी लावली. बाबांनी डोळे मिटले. मग त्यांचा हात हळूहळू डाव्या कानाकडे गेला.

“डावीकडून येतोय. अगं, डावीकडून!”

“गेलेल्या कानातून?”

बाबा असे हसले की पाळण्यात चुळबुळ झाली.

गुडघ्यांमुळे त्यांना कपाटामागे वाकता येत नव्हतं. स्विच बंद करून तीच आडवी होऊन आत शिरली. या सेटमध्ये एक छोटी डबी खालचे आणि वरचे सूर आधीच वेगळे करून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवायची. पूर्वी एक अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही स्पीकरांचे खालचे सूर सांभाळायचा, दुसरा वरचे. दादानं मात्र दिसायला नीटनेटकं म्हणून जुना डाव्या स्पीकरला दिला होता आणि नवा उजव्याला. नव्याचा आवाज जरा चढा, म्हणून सगळं उजवीकडे कलायचं.

“म्हाताऱ्याला आणि तरण्याला एकाच शर्यतीत पळवलं गाढवानं!” बाबा म्हणाले. “खाली नवा घाल, वर जुना. दोन्ही बाजूंना.”

“तेच करतेय.”

बाळ उठलंच. ते कडेवर घेऊन तिनं शेवटची वायर एका हातानं खोचली, स्विच लावला. बाबांनी खुर्ची सरळ केली. गाणारी बाई बरोब्बर मधोमध उभी राहिली.

“खालचं अंमळ जड आहे,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्वतः डबीचं बटण केसभर मागे घेतलं. “हां. आता.”

दादा चिकटपट्टी घेऊन दारात आला. “गिऱ्हाईक निघालंय.”

“त्याला म्हणावं, आल्या वाटेनं परत जा.”

“आणि खोकी?”

“राहू देत. नातीला घर बांधायचंय.”

“बाबा, वयाचा काही विचार...”

“कुणाच्या? माझ्या की अ‍ॅम्प्लिफायरच्या?” बाबा म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी आवाज वाढवला.